पाचव्या डावाआधी

ऑक्टोबर संपत आला की दुबई-शारजाच्या सीमेवरच्या आमच्या अल नहदातली माणसं बिळातून बाहेर पडतात. पाच-सहा महिने जी घरातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात अशी एका थंड डब्यातून दुसऱ्या थंड डब्यात फिरत असतात, ती एका सकाळी गाडीची काच खाली करतात आणि हात बाहेर काढून बघतात. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांत धूळ खात पडलेल्या खुर्च्या पुसल्या जातात. कुणी कुंडीत मेथी पेरतं, कुणी पुदिना. आमच्या मजल्यावरचे केरळी आजोबा तर चक्क स्वेटर घालून फिरायला निघतात, बाहेर सत्तावीस डिग्री असताना. सुजाता, म्हणजे माझी बायको, घरभर खिडक्या उघडते आणि दरवर्षी तेच म्हणते, "चला, संपला एकदाचा उन्हाळा. आता कसं जगावंसं वाटतं."

मी मान हलवतो. माझं पोट या ऋतूवर चालतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण तीन हिवाळे झाले, ही गार हवा खिडकीतून आत आली की माझ्या छातीवर काहीतरी बसतं. ते मार्चपर्यंत उठत नाही.

मी बेसबॉलचा पिचिंग कोच आहे. मराठी माणसासमोर हे वाक्य उच्चारलं की पुढची पाच मिनिटं वाया जातात, हे मला आता पाठ झालंय. आधी विचारतात, "म्हणजे बोलिंग कोच?" मग विचारतात, "पण इथे बेसबॉल खेळतं कोण?" आणि शेवटी, आवाज खाली आणून, "पण मग फुल टाइम काय करता?" गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता एका अबुधाबीच्या तेल कंपनीवाल्या गृहस्थांनी मला हे तिन्ही प्रश्न लागोपाठ विचारले आणि चौथा विचारायच्या आत मोदक संपला म्हणून मी वाचलो.

सांगतो थोडक्यात. मैदानाच्या मधोमध मातीचा एक लहानसा उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात. त्यावर उभं राहून साडेअठरा मीटरवरच्या बॅटवाल्याकडे जो चेंडू फेकतो तो पिचर. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर दम खाता येतो. इथे पिचर फेकतच राहतो. माणसाचा हात ज्या कामासाठी घडलेला नाही ते काम तो डावामागून डाव करतो. मुख्य कोच सगळा सामना बघतो. पिचिंग कोच फक्त या एका माणसाकडे बघतो. त्याचं कोपर किती खाली आलं, पाय कुठे पडला, फेकल्यावर तो हात झटकतो का. बाकी मैदानाला आग लागली तरी मी मान वळवायची नाही, असा करार आहे.

हा धंदा मी निवडला असं म्हणणं म्हणजे थापा मारणं. अमरावतीला आमच्या मैदानावर अठरा पोरांत सात ग्लोव्ह होते. डाव बदलला की आपल्या हातातला ग्लोव्ह काढून समोरच्या संघातल्या पोराला द्यायचा, आपल्या घामासकट. मी पिचर होतो, बरा होतो, राज्याकडून दोनदा खेळलो. खांदा दुखायला लागला तेव्हा आमचे सर म्हणाले, "दुखतं म्हणजे हात तयार होऊन रायला." तिळाचं तेल चोळायचं आणि पुन्हा फेकायचं. तेविसाव्या वर्षी एका सकाळी दात घासायला हात वर जाईना. त्या सरांना मी पुढची तीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. अगदी नेमाने, जेवणानंतर सुपारी खावी तशा.

मग शारजाला एका शाळेत पीटीचा शिक्षक म्हणून आलो. सकाळची असेंब्ली, कवायत, डिसेंबरात स्पोर्ट्स डे. सुट्टीच्या दिवशी दुबईला एका मैदानावर अमेरिकन आणि जपानी कुटुंबांची मुलं बेसबॉल खेळायची, तिथे मी आधी नुसता कुंपणाबाहेर उभा राहायचो. मग आत जाऊन चेंडू गोळा करून द्यायला लागलो. सुजाता म्हणायची, "चाळीशीत बॉल बॉय झालास." तिथे एक साठीचे जपानी इंजिनिअर मुलांना पिचिंग शिकवायचे. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. बोटं चेंडूच्या शिवणीवर कुठे ठेवायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडे नव्याने शिकलो.

त्यांची एक पद्धत होती. डाव संपवून पिचर परत आला की ते उठून त्याच्याशी हात मिळवायचे. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा शाबासकी देतोय. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कोपराच्या आतल्या बाजूने एक शीर करंगळीपर्यंत जाते. कोपर आतून सुटायला लागलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी ढिलं पडतं. "पिचर खोटं बोलतो," ते म्हणाले, "करंगळी खोटं बोलत नाही." त्या दिवसापासून मीही प्रत्येक डावानंतर हात मिळवायला लागलो. मुलांना वाटायचं, सर फार प्रेमळ आहेत.

नितीन तायडे मला सापडला तो शारजाच्या औद्योगिक भागात, माझ्या गाडीच्या एसीमुळे. कॉम्प्रेसर गेला होता. गॅरेजवाला पठाण म्हणाला, "दो घंटा, इन्शाल्ला," म्हणजे चार. रविवार होता. गोदामांच्या मागे रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर कामगारांचं टेनिस बॉल क्रिकेट चाललं होतं, दगडांच्या सीमारेषा, तेलाच्या पिंपाचा स्टंप. मी सावली शोधत तिथे जाऊन उभा राहिलो. चेंडू पार पलीकडे, उभ्या केलेल्या ट्रेलरांच्या रांगेपर्यंत गेला. एका किडकिडीत माणसाने तो उचलला आणि तिथूनच फेकला. तो चेंडू माझ्या डोळ्यांसमोरून सरळ रेषेत गेला, एकही टप्पा न खाता, थेट विकेटकीपरच्या हातात. टेनिसचा चेंडू! मी गाडी, एसी, पठाण सगळं विसरलो.

"किधर से हो भाई?" मी विचारलं.

"महाराष्ट्र. अमरावती साइड."

"अमरावती? कोनतं गाव?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग सगळे दात दाखवून हसला. "दर्यापूरजवळ हाये सर. तुमी अमरावतीचे? बावा, इथं?"

पंचवीस वर्षांचा होता. टायरच्या गोदामात माल उतरवायचा. कंटेनर आला की आठ माणसं रांगेत उभी राहतात आणि टायर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फेकत नेतात. ट्रकचे मोठे टायर दोघांनी. दिवसभर. बेसबॉल त्याने मोबाइलवरसुद्धा पाहिला नव्हता. मी त्याला गाडीच्या डिकीतला एक चेंडू दिला. त्याने तो हातात फिरवला, शिवण चाचपली आणि विचारलं, "हे फेकाचे पैसे देतात?"

देणार होते. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एक नवी लीग सुरू होणार होती, खरीखुरी, व्यावसायिक. देशोदेशीचे खेळाडू आणि प्रत्येक संघात इथेच राहणारा एक तरी खेळाडू हवा असा नियम. मला एका संघात असिस्टंट पिचिंग कोच म्हणून एका सीझनपुरतं घेतलं; असिस्टंट नावापुरतं, माझ्यावर दुसरा पिचिंग कोच नव्हताच. बावन्नाव्या वर्षी, कवायतीची शिट्टी गळ्यातून काढून. दीड वर्ष मी नितीनला तयार केलं, प्रत्येक रविवारी आणि त्याची पाळी लवकर सुटेल त्या प्रत्येक संध्याकाळी. त्याला बूट घ्यायला गेलो तेव्हाचं आठवतं. किमतीची चिठ्ठी वाचून तो खालीच बसला. "चारशे दिरहम! म्हणजे साडेनऊ हजार झाले सर. एवढ्यात तं आमच्या गावाले बकरी येते." बूट घेतल्यावर मात्र ते घालून दुकानात चार वेळा इकडून तिकडे चालला.

संघाला तो आवडला. एवढा वेग या भागात राहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हता. मालकांच्या माणसाने मला स्वच्छ सांगितलं होतं: सीझनच्या शेवटी एका स्थानिक पिचरला पूर्ण वर्षाचा करार मिळेल. संघाचा व्हिसा, खोली, जेवण, रोज सराव. म्हणजे नितीनच्या बाबतीत एवढंच, की टायरचं गोदाम सुटेल. ते मी त्याला सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं आता वाटतं. त्या दिवसानंतर त्याने माझ्याकडे कधीच कुठलीही तक्रार केली नाही.

तो जानेवारी मला वासांनी आठवतो. पहाटेचं धुकं इतकं दाट असायचं की हायवेवर गाड्या मागचे दिवे उघडझाप करत चालायच्या. मी सूर्य उगवायच्या सुमाराला मैदानावर पोचायचो, कारण माउंड माझ्या ताब्यात होता. वाळवंटातल्या वाळूचा उंचवटा टिकत नाही. त्यासाठी तांबडी चिकणमाती पोत्यांत भरून बाहेरून आणतात. रोज पाणी मारायचं, धुम्मस करायची, ताडपत्रीने झाकायचं. ताडपत्री उचलली की ओल्या मातीचा वास यायचा, आणि मी, एवढा मोठा माणूस, तिथे दोन मिनिटं उगाच उभा राहायचो. आमचा मुख्य कोच रामोन, कॅरिबियन बेटांवरचा, दूर खुर्चीत कॉफी पीत बसून हाताने दाखवायचा, इकडे पाणी कमी, तिकडे जास्त. उंटावरून शेळ्या हाकायला उंटांच्या देशातच यायला हवं असं नाही, पण त्याला ते शोभायचं.

दुपारी नितीन यायचा, त्याच्या हाताला रबराचा वास. कितीही साबण लावला तरी जायचा नाही. मी सुपरवायझरला भेटून आलो होतो, विनंती केली होती, सीझनपुरतं याला हलकं काम द्या. तो म्हणाला, "इन्शाल्ला." नितीनही म्हणायचा, "हलकंच हाये सर आता. नुसते स्टिकर लावतो." मी मानलं. मानायचं ठरवलं होतं म्हणून मानलं. स्टिकर लावणाऱ्याच्या तळव्यावर नवे घट्टे येत नाहीत, हे पीटीच्या शिक्षकाला कळत नसेल तर कुणाला कळणार?

माझी मुलगी ईशा तेव्हा बारावीत होती. ती एकदा सामना बघायला आली होती. घरी जाताना म्हणाली, "बाबा, नितीन लुक्स सो टायर्ड."

"तो तसाच दिसतो," मी म्हणालो, "आमच्याकडची माणसं काटक असतात."

"ओके," ती म्हणाली आणि कानात हेडफोन घातले.

तो सामना शनिवारी होता, दुपारी चारचा. ऊन तिरपं, हवा इतकी छान की प्रेक्षकांत बायकांनी शाली अंगावर घेतल्या होत्या. आमचा सीझनचा शेवटून दुसरा सामना. मालकांचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. नितीन सुरुवातीपासून फेकत होता. बेसबॉलमध्ये एक नियम आहे: सुरुवात करणाऱ्या पिचरने पाच डाव पूर्ण केले तरच विजय त्याच्या नावावर लागतो. चार डाव झाले तेव्हा आम्ही दोन धावांनी पुढे होतो. एक डाव उरला होता. तीन माणसं बाद करायची, बस्स. मग त्याचं नाव कागदावर लागणार होतं, आणि तो कागद घेऊन मी मालकांच्या माणसासमोर उभा राहणार होतो.

चौथा डाव संपवून तो परत आला. मी उठलो आणि हात पुढे केला.

अंगठा आला. पहिलं बोट, मधलं बोट आलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझ्या तळव्यावर नुसती पडून राहिली. मी हात सोडला नाही. तोही माझ्याकडे बघत राहिला. मी काय बघतोय ते त्याला माहीत होतं का? मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण दीड वर्षात प्रत्येक डावानंतर जो माणूस तुमची बोटं चाचपतो, तो काय शोधतो हे कळायला शाळा लागत नाही.

"दुखतं?" मी विचारलं.

"नाई सर."

"खरं सांग."

"एकच डाव हाये सर," तो म्हणाला.

मागून रामोनने हाक मारली. "कोच! हिज हँड?"

मला दोन शब्द म्हणायचे होते. पुल हिम, म्हणजे काढ त्याला. एवढंच. त्यासाठीच मला पगार होता, त्यासाठीच ती खुर्ची होती. या सबंध मैदानावर ते दोन शब्द म्हणायचा अधिकार आणि ते कळायची अक्कल एकट्या माझ्याकडे होती. मी मागे वळून म्हणालो, "स्ट्राँग."

हे मी का म्हणालो, याची मी तीन वर्षं निरनिराळी उत्तरं दिली आहेत, सगळी मला स्वतःलाच. त्याच्यासाठी म्हणालो, तो गोदामातून सुटावा म्हणून. हे खरं आहे. पण मालकांचा माणूस पहिल्या रांगेत नसता तर मी कदाचित वेगळं बोललो असतो, हेही खरं आहे. तो माझा शोध होता. वाळूच्या प्लॉटवरून उचलून मी त्याला तिथे उभा केला होता, आणि मला ते जगाला दाखवायचं होतं. कवायतीच्या शिट्टीवाल्या माणसाला एकदा कुणीतरी उठून उभं राहून टाळ्या वाजवलेल्या हव्या होत्या. मला लाज वाटते. आणखी काही शब्द शोधले, त्यापेक्षा जवळचा सापडला नाही.

पाचव्या डावात त्याने पहिला बाद केला. दुसरा बाद केला. लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो. तिसऱ्या बॅटवाल्याला त्याने दोन चेंडू फेकले, मग तिसरा. तो चेंडू बॅटवाल्यामागे बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून, मागच्या जाळीच्याही वरच्या टोकाला जाऊन लागला. काही प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं, निसटला. नितीन माउंडवर उजवा हात पोटाशी धरून उभा होता, तान्हं मूल धरावं तसा, आणि त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

मी धावलो. बावन्नाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. पोचलो तेव्हा तो म्हणाला, "आतून काडी मोडल्यावाणी झालं सर." आणि मग, माझी समजूत काढावी तसा, "एकच रायला होता."

पुढचं सगळं दिवसाउजेडी, नीट, कागदोपत्री झालं. कुणी वाईट वागलं नाही, हेच त्यातलं वाईट. हॉस्पिटलात स्कॅन झाला, डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं, कोपराच्या आतला बंध पूर्ण तुटलाय. ऑपरेशन करता येतं, मग वर्षभर व्यायाम, मग कदाचित. संघाने पहिल्या उपचारांचं बघितलं. करार सीझनपुरता होता आणि सीझन आठ दिवसांत संपला. गोदामात तो महिनाभर खरोखरच स्टिकर लावत होता. मग सुपरवायझरने त्याला बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "खलास भाई, क्या करें." व्हिसा रद्द झाला. विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो. फेब्रुवारीची दुपार होती, हवा अजून गोड. त्याची बॅग मी उचलली. ते चारशे दिरहमचे बूट त्याने पायात घातले होते.

"तुमच्यामुळं एवढं तरी पाह्यलं सर," तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. सांगायचं होतं ते तिथेच सांगायला हवं होतं. मागे रांग वाढत होती आणि माझ्या अंगी नको तेव्हा शिस्त येते.

संघाने पुढच्या वर्षी मला कायम केलं. मालकांच्या माणसाने पाठीवर थाप मारून सांगितलं, वाळूतून तुम्ही असा हात शोधून काढलात, हेच आम्हाला हवं. असिस्टंट हा शब्द गेला. आता माझ्या कार्डावर नुसतं पिचिंग कोच आहे. सकाळी संघ आणि शनिवारी मुलांची अकादमी. नितीनच्या मोडलेल्या हातावर मी एक पायरी वर चढलो, असा याचा साधा सरळ अर्थ होतो. सुजाताला मी हे कधी सांगितलं नाही. तिला एवढंच दिसतं की मी आताशा कुणाशीही हात मिळवला की सोडत नाही. परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या लेबनानी गृहस्थांचा हात मी तिसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत धरून ठेवला होता. "हबीबी, एव्हरीथिंग ओके?" त्यांनी शेवटी विचारलं. सुजाता घरात येऊन पोट धरून हसली. हसणं थांबल्यावर माझ्याकडे एकदा नीट बघून चहा टाकायला गेली.

त्या अमरावतीच्या सरांना मी आता शिव्या घालत नाही. त्यांना निदान ठाऊक नव्हतं. त्यांच्याजवळ तिळाचं तेल होतं आणि अज्ञान होतं. माझ्याजवळ सगळं ज्ञान होतं.

गेल्या शनिवारी अकादमीची नावनोंदणी होती. मैदानावर टेबल टाकून मी बसलो होतो, वारा इतका सुखाचा की कागदांवर चेंडू ठेवावे लागत होते. आमच्याच अल नहदातल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या, पुण्याच्या, बँकेत नोकरीला. मुलगी तेरा वर्षांची, लांब हातांची. बाईंनी फॉर्म नीट वाचला, हल्ली कुणी वाचत नाही तसा, आणि विचारलं, "सर, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या हाताखाली आजपर्यंत कुणाला सीरियस इंजुरी झाली आहे?"

"मम्मा, प्लीज," मुलगी म्हणाली.

"विचारू दे ना. सर?"

"नाही," मी म्हणालो. एका क्षणाचाही वेळ न घेता. त्यांनी हसून सही केली.

नंतर मी नावं लिहून घेत राहिलो, पण मनात तो एकच शब्द होता. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा निदान समोर दोन बोटं होती, चार हजार डोळे होते, एक माणूस होता ज्याचं सगळं त्या डावावर टांगलेलं होतं. या वेळी समोर फक्त एक फॉर्म होता. मला माझी भीती वाटली. दुपारी मुलं गेल्यावर मी गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि नितीनचा नंबर लावला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं ठरवून लावला. माझ्यावर चिडेल, शिव्या देईल, फोन आपटेल, काहीही करू दे. तीन वर्षांत आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे गेलं नव्हतं.

फोन त्याच्या आईने उचलला.

"कोन? दुबईचे सर? अरे देवा! नितीन कापसाच्या जिनिंगवर गेला हो सर, फोन चार्जिंगले लावून गेला. वजनकाट्यावर बसते आता तो. उचलाचं काम त्याले जमत नाई ना." मग आवाज जरा लांब गेला, कुणाला तरी ओरडून सांगितलं, दुबईचे सर हायेत, आणि परत जवळ आला. "सर, घरी सगळे बरे हायेत? तुमचं नाव आमच्या घरी रोज निघते."

"ताई," मी म्हणालो, "मला नितीनच्या हाताबद्दल बोलायचं होतं. त्या दिवशी काय झालं ते..."

"मालूम हाये सर आमाले," त्या म्हणाल्या. "त्यानं सगळं सांगतलं. आला तवाच सांगतलं. तुमी त्याचा हात धरला अन् म्हनले, बस झालं नितीन, आता फेकू नको. अन् यानं हात सोडवून घेतला अन् गेला. गेला का नाई? तुमचं आयकलं असतं तं आज असा बसला नसता."

समोर मैदानावर माणसं ताडपत्री ओढत होती.

"आयकू येते ना सर? त्याच्या बापावर गेला तो. हट्टी. मी त्याले आजही म्हनते, एवढा देवमानूस तुले सांगे अन् तू आयकला नाई. तो खाली मान घालते, काही बोलत नाई. तुमी मनाले लावून घेऊ नका सर. तुमचा काय दोष त्याच्यात? तुमी तं थांबवलं होतं ना त्याले?"

त्या उत्तराची वाट बघत होत्या. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती, कुणीतरी नळाखाली बादली ठेवली.

"हो ताई," मी म्हणालो. "थांबवलं होतं."